न आपटणारं दार

हुंदका आता सुखी माणूस होता, आणि सगळी अडचण तिथेच होती.

हुंदका हे त्याचं टोपणनाव. विशीच्या आसपास तो ज्या बँडमध्ये गळ्यात गिटार अडकवून गायचा, त्या बँडचा सगळा कारभारच मुळी दुःखाचा होता. काळे कपडे, काळी रंगवलेली नखं, एका डोळ्यावर ओढलेले केस, आणि गाणी अशी, की ऐकणाऱ्याला आपलं बरं चाललंय याची लाज वाटावी. असल्या गाण्यांना इमो रॉक म्हणतात, हे त्याच्या नातेवाइकांना कधीच कळलं नाही. ते आपले 'पोराला काहीतरी होतंय' एवढंच म्हणत. बँडची खरी कमाई म्हणजे याचा गळा. वरचा सूर लावता लावता तो मधेच असा काही फाटायचा, की पुढच्या रांगेतल्या मुली रडायच्या आणि मागच्या रांगेतली मुलं आपणही रडल्याचं नंतर सांगायची. त्या फाटण्यावरून नाव पडलं ते कायमचं. आज त्याची बायकोसुद्धा फोन उचलून म्हणते, "थांबा हं, हुंदका अंघोळीला गेलाय."

आज त्याच्या डोळ्यावर यायला केसच उरलेले नाहीत. त्याचं कानाच्या यंत्रांचं दुकान आहे. तरुणपणी लोकांचे कान बिघडवले, आता तेच दुरुस्त करून पोट भरतोय, असं त्याचे मित्र म्हणतात आणि त्यात फारसं खोटं नाही. दुकानाच्या पुढच्या भागात काचेचं कपाट आणि प्लॅस्टिकचा एक अवाढव्य कान. मागच्या भागात कान तपासायची छोटी खोली: जाड भिंती, दुहेरी काच, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून रबर लावलेलं जड दार. गिऱ्हाइकाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, "बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबा." बरेचसे म्हातारे, दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून, काही ऐकू आलं नाही तरी बटण दाबतात. हुंदक्याला हे ठाऊक आहे. तो न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. स्वभावच असा निवळलाय.

या दुकानाची सगळ्यात वाईट जाहिरात म्हणजे त्याचे वडील. बाबा सुतार. जन्मभर लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवल्या, आणि यंत्राच्या करवतीपाशी उभं राहून राहून कान घालवून बसले. हुंदक्याची आई गेल्यापासून ते रोज दुकानात येऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसत. यंत्र मात्र लावायचं नाही म्हणजे नाही. "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच हल्ली पुटपुटता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गिऱ्हाईक आत यायचं, म्हाताऱ्याला काहीतरी विचारायचं, म्हातारा छताकडे बघत बसायचा, आणि गिऱ्हाईक मनात म्हणायचं, याला स्वतःच्या बापाला ऐकवता येत नाही, हा मला काय ऐकवणार!

तर अशा या सुखी माणसाकडे एके दिवशी त्याचे दोन जुने साथीदार आले आणि म्हणाले, आपली जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड करू या.

पहिला मास्तर. बँडमध्ये गिटार वाजवायचा, आता गाडी शिकवण्याचा क्लास चालवतो. शिकाऊ लोकांशेजारी बसून बसून त्याचा उजवा पाय कायम ब्रेक शोधत असतो. गाण्याची लय जरा वाढली, की याचा पाय जमिनीत रुततो. दुसरा ठोक्या. पूर्वी ड्रम ठोकायचा, आता दातांचा डॉक्टर आहे, म्हणजे ठोकाठोक चालूच आहे, फक्त जागा बदलली. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आपण पिंपात बसून गातोय असं वाटतं. आता चांगली यंत्रं आली आहेत. पाच जुनी गाणी नव्याने करायची, पाच गाण्यांचा छोटा अल्बम काढायचा. अशा छोट्या अल्बमला ईपी म्हणतात. ऐकणारी मंडळीही आता आपल्यासारखीच पोटं सुटलेली आहेत, त्यांना आठवण म्हणून बरं वाटेल.

"आणि स्टुडिओ?" हुंदक्याने विचारलं.

दोघांनी मान वळवून कान तपासायच्या खोलीकडे पाहिलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काम सुरू झालं. वाद्यं आधीच मास्तरच्या क्लासमध्ये उरकली होती. हुंदका काचेच्या आत माइकसमोर, बाहेर टेबलावर कॉम्प्युटर घेऊन मास्तर आणि ठोक्या, आणि गल्ल्याशेजारी नेहमीप्रमाणे बाबा, कारण सुट्टी असली म्हणून घरी बसायचं कशाला? चार गाणी बिनबोभाट झाली. आवाज थोडा जाड झाला होता, पण मास्तर म्हणाला, चालेल, गाडीपण जुनी झाली की तसाच आवाज करते.

घोडं अडलं पाचव्या गाण्यावर. त्याचं नाव 'दार'.

'दार' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. गाजलेलं म्हणजे किती, तर आजही एखादा टकला माणूस बाजारात हुंदक्याला अडवून, पिशवी खाली ठेवून, छातीवर हात ठेवून त्यातली ओळ म्हणून दाखवतो, इतकं. ते हुंदक्याने एकोणिसाव्या वर्षी लिहिलं होतं, आणि ते बाबांवर होतं.

त्याचं झालं असं. तेव्हा तो बाबांच्या हाताखाली कामाला जायचा, केस डोळ्यावर आणि डोकं गाण्यात. एक दिवस हा फळी कापत असताना केसांचं ते झुलूप करवतीच्या इतकं जवळ गेलं, की बाबांनी धावत येऊन यंत्र बंद केलं आणि सगळ्या कारागिरांदेखत ओरडले, "आधी केस कापून ये! नाहीतर इथे पाय ठेवू नकोस!" कोणीही शहाणा माणूस केस कापून आला असता. याने गाणं लिहिलं.

*दार आपटून गेलात तुम्ही, भिंतीचा रंग उडाला,* अशी सुरुवात. आणि शेवटी ती बाजारात म्हटली जाणारी ओळ: *मी कितीही आपटलं दार, तरी या घरात माझ्या रागालाही आवाज नाही.* त्यातल्या 'नाही'वर गळा फाटायचा. तोच तो हुंदका. आणि अगदी शेवटी दार आपटल्याचा एक आवाज, धाडकन.

आता अडचण अशी, की तो हुंदका काही केल्या येईना. सूर अगदी गोल, गुळगुळीत यायचा. "तू बँकेत खातं उघडल्याची बातमी दिल्यासारखं गातोयस," ठोक्या म्हणाला. मग काचेला नाक लावून, सवयीने, "आ कर. अजून मोठा. थोडंसं दुखेल."

पण दुखेचना. उपाय खूप झाले. हुंदका रात्री न जेवता झोपला, तर सकाळी उलट हलकं हलकं वाटून शीळ घालत उठला. मास्तरने तर थेट त्याच्या बायकोला गळ घातली, की वहिनी, तुम्ही याच्याशी एकदा कडकडून भांडा. तिनेही मनावर घेतलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिली, म्हणाली, "मला तुझा कंटाळा आलाय!" हा म्हणाला, "खरंच?" ती म्हणाली, "ओला टॉवेल पलंगावर टाकतोस त्याचा तर खरंच," आणि दोघं असे हसत सुटले, की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली.

"हे बघ," शेवटी मास्तर म्हणाला, "'दार' नसेल तर ईपी काढण्यात अर्थ नाही. पुढच्या सुट्टीला शेवटचा प्रयत्न. नाहीच जमलं तर जुन्या टेपमधला हुंदका कापून इथे चिकटवू."

हे हुंदक्याला फार लागलं. दुसऱ्याचे दात तोंडात बसवल्यासारखा स्वतःचाच जुना हुंदका चिकटवून घ्यायचा! आणि त्याहून एक वाईट शंका त्याला कुरतडू लागली. ते दुःख तरी खरं होतं का? की केसांबरोबर उगवलं आणि केसांबरोबर गळून गेलं? तसं असेल, तर तो बाजारातला टकला माणूस इतकी वर्षं एका खोट्या गोष्टीसाठी छातीवर हात ठेवत होता. आणि बापावर एवढा मोठा आरोप केला तो नुसता हौस म्हणून? बाबांनी हे गाणं कधी ऐकलं नव्हतं. त्या वेळी त्यांना बँडचा सगळाच प्रकार करवतीसारखा ऐकू यायचा, त्यात शब्द असतील अशी शंकाही त्यांना कधी आली नाही. पुढे कान गेले आणि प्रश्नच मिटला. हुंदका त्यांच्यापासून चार पावलांवर उभा राहून त्यांच्याविरुद्ध बिनधास्त गाऊ शकत होता, तो याच भरवशावर.

ठरलेला दिवस आला. हुंदका आत गेला, जड दार लोटलं, डोळे मिटले. तो नेहमी डोळे मिटूनच गातो. बाहेर मास्तर आणि ठोक्याने हेडफोन चढवले. बाबांनी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण आज त्यांना कंटाळा आला असावा.

"सगळ्यांना एकेक," ते म्हणाले, "मग मला का नाही?"

मास्तरने चौथा जादा हेडफोन त्यांच्या हातात दिला. यांना काय कळतंय, बसतील बिचारे गप्प. बाबांनी तो डोक्यावर चढवला, काहीच येईना, तेव्हा समोर दिसलं ते गोल बटण सुताराच्या मजबूत बोटांनी शेवटपर्यंत पिळलं. आता कानाच्या दुकानात बसलेल्या माणसांना एवढं कळायला हवं होतं, की दोन कानांवर जोरात आवाज करणारी वस्तू बसवली, की त्यालाच कानाचं यंत्र म्हणतात. पण कोणाच्याही डोक्यात हे आलं नाही.

हुंदक्याने पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. मग का कोण जाणे डोळे उघडले. काचेपलीकडे बाबा. डोक्यावर काळे हेडफोन, भुवया वर चढलेल्या, आणि ओठ त्याचे शब्द त्याच्याच मागोमाग सावकाश म्हणताहेत.

हुंदका गायचा थांबला. वाद्यं एकटीच पुढे गेली.

बाबांनी ठोक्यासमोरचा, आतल्या माणसाशी बोलायचा माइक ओढून घेतला. "थांबलास का?" ते गरजले. "हे दार कोणतं? आपल्या घरातलं?"

"बाबा, ते गाणं आहे नुसतं," हुंदका म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं, की आपण साध्या, रोजच्या आवाजात बोललो आणि बाबांना ते ऐकू गेलं. गेल्या कित्येक वर्षांत तो त्यांच्याशी एकही वाक्य न ओरडता बोलला नव्हता.

"गाणं तर गाणं. मी दार आपटून गेलो?"

"तसं नव्हे..."

"मी! दार! आपटून!" बाबा खुर्चीतून उठले. हेडफोनची तार ताणली गेली तशी मास्तरने पायाने ब्रेक दाबला. "अरे, मी बसवलेलं एक दार कोणी आपटून दाखवावं! लोक मला म्हणायचे, तुमचं दार लागलं की नाही ते हात लावून बघावं लागतं. आणि पोटचा पोर गावभर गात फिरतोय, की मी दार आपटलं! मी तुला घराबाहेर काढलं असं म्हण, केस ओढले म्हण, काय वाटेल ते म्हण. पण हे?"

मास्तर आणि ठोक्या आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"दार तू आपटलंस," बाबा म्हणाले. "करवतीचं झालं त्या दिवशी. मी तुझ्या मागोमाग घरी आलो, तर तू खोलीत शिरून असं आपटलंस की चौकटीजवळचा रंग उडाला. मग रोजच सुरू केलंस. जेवायला बोलावलं की धाड, पाणी मागितलं की धाड."

"मग नंतर..." हुंदक्याने ओठांवरून जीभ फिरवली. नंतरचं त्याला चांगलं आठवत होतं. काही दिवसांनी ते दार वाजेनासं झालं. कितीही जोर लावा, ते आपलं फुस्स करून मिटायचं. या घराला माझी एवढीही दखल नाही, म्हणून त्याला त्या वेळी रडू आलं होतं. ती ओळ तिथूनच तर आली होती.

"नंतर वाजायचं थांबलं," तो म्हणाला.

"थांबेल नाही तर काय! तू बाहेर गेलास तेव्हा चौकटीला आतून जाड लोकरी कापडाची पट्टी ठोकली मी. बिजागऱ्यासुद्धा बदलल्या."

"आवाज नको म्हणून?"

"आवाजाचं काय घेऊन बसलास? मी करवतीपाशी उभा राहणारा माणूस!" बाबांनी आपला डावा पंजा वर धरला. सुताराचा पंजा तो, अंगठ्याचं नख वाकडं, एका बोटाचं टोक गेलेलं. "रागात दार आपटताना बोट कधी सापडेल सांगता येतं का? बोट चेचलं असतं तर वाजवलं कशाने असतंस ते तुझं तुणतुणं?"

बाबा खाली बसले.

"तेव्हा बोलला नाहीत," हुंदका म्हणाला.

"बोलायलाच येत होतो रोज," बाबा म्हणाले. "तू दार लावलेलं असायचं." मग हेडफोन नीट बसवत म्हणाले, "आता म्हण पुढचं. कुठवर गेलं होतं?"

मास्तरने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. शब्द बदलायचे का, हे त्याने हातानेच विचारलं. हुंदक्याने मान हलवली. गाणं एकोणीस वर्षांच्या पोराचं होतं, त्याला तेवढंच माहीत होतं. त्याने या वेळी डोळे मिटले नाहीत. काचेपलीकडचा म्हातारा कान देऊन ऐकत होता आणि आपल्यावरचे आरोप बोटांनी मांडीवर ठेका धरून मोजत होता. हुंदका गात गात त्या ओळीशी आला. *या घरात माझ्या रागालाही आवाज...* आणि 'नाही'पर्यंत तो पोचलाच नाही. गळा फाटला, नाक गळू लागलं, आणि जे काही बाहेर पडलं त्याला हुंदका म्हणणंही कमीच होतं. सुखी माणूस ढसाढसा रडला. त्याला बापाची फार फार माया आली, आणि ती इतक्या वर्षांची साठलेली होती.

कॉम्प्युटरवरचे आवाज मोजणारे काटे तांबडे झाले. "हाच!" मास्तर ओरडला. "हाच टेक!" ठोक्याने दार उघडून, खिशातून कापसाचा बोळा काढून हुंदक्याच्या हातात ठेवला. त्याच्या खिशात कापूस नेहमीच असतो.

"गायलास बरा," बाबा म्हणाले. "पण शेवटचा शब्द खाल्लास."

आता राहिला फक्त शेवटचा धाडकन. जुन्या टेपमधला आवाज कोणत्यातरी लोखंडी कपाटाचा होता, तो चालेना. कान तपासायच्या खोलीचं दार आपटणं तर शक्यच नव्हतं, ते बनवलंच होतं न आपटण्यासाठी. मास्तर म्हणाला, कुठलातरी तयार आवाज टाकू. तेव्हा बाबा हेडफोन काढत उठले आणि म्हणाले, "तयार कशाला? घरी चला."

घरी ती खोली अजून होती. त्यात आता इस्त्रीचं टेबल आणि रिकाम्या बॅगा राहत होत्या. बाबांनी हत्यारांची पिशवी आणली, त्यातून पकड आणि पटाशी काढली, गुडघ्यांवर बसले आणि चौकटीच्या आतून एक पट्टी सोलायला लागले. वर रंगाचे कितीतरी हात चढलेले, म्हणून ती इतकी वर्षं कोणाला दिसली नव्हती. खालून निघालं हिरवं, दडपून कागदासारखं पातळ झालेलं कापड. हुंदका दाराच्या दुसऱ्या बाजूने खिळे गोळा करत होता. त्याची बायको इस्त्रीचं टेबल धरून उभी होती, कारण ते दाराच्या वाटेत येत होतं.

मास्तरने माइक लावला. ठोक्याने बोटाने खूण केली. बाबांनी आधी चौकटीवरून हात फिरवला, मग हुंदक्याचे दोन्ही हात धरून दाराच्या मुठीवर नीट ठेवले, बोटं कडेपासून लांब, आणि स्वतः एक पाऊल मागे सरले.

"हं," ते म्हणाले. "एकदाच. पण मनापासून."

हुंदक्याने दार आपटलं. सगळं घर हादरलं, एक रिकामी बॅग खाली पडली, आणि चौकटीजवळच्या रंगाचा मोठा पोपडा निघून बाबांच्या पायाशी आला. हेडफोन दुकानातच राहिले होते.

"ऐकू आलं," बाबा म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून नवी पट्टी काढली. "आता हात बाजूला घे."